फाइल एकच, जागा दोन: फ्रीबीएसडीच्या बूट लोडर अपडेटचं परीक्षण

फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती वाढवली, सगळं सुरळीत पार पडलं, आणि पुढच्या रीबूटला मेन्यू दिसायच्या आधी ताऱ्यांच्या चौकटीत सूचना आली: बूट लोडर फार जुना आहे, अपग्रेड करा. (बूट लोडर म्हणजे मशीन सुरू होताना सिस्टीम उचलून चालू करणारा छोटा प्रोग्रॅम.) माणूस चक्रावतो. आत्ताच तर अख्खी सिस्टीम बदलली, मग लोडर जुना कसा राहिला? राहिला, कारण फ्रीबीएसडी-अपडेट ही कमांड नवा लोडर /बूट/लोडर.ईएफआय इथे आणून ठेवते आणि हात झटकते. मदरबोर्डवरचं फर्मवेअर चालवतं ती प्रत असते वेगळ्याच पार्टिशनवर, ईएफआय पार्टिशनच्या फॅट फाइलसिस्टीममध्ये. तिकडे कुणी फिरकत नाही. इकडची फाइल तिकडे नेणं हे ॲडमिनचं काम.

हे परीक्षण त्या कामासाठी मिळणाऱ्या अवजारांचं आहे: सिस्टीमसोबत येणारी सीपी (फाइलची नक्कल करायला), जीपार्ट (पार्टिशनच्या कामांना) आणि ईएफआयबूटएमजीआर (फर्मवेअरमधल्या बूट नोंदींना) ही तीन, आणि पॅकेज म्हणून मिळणारं लोडर्स-अपडेट. निकाल आधीच सांगून टाकतो. अवजारांना पाचपैकी साडेचार, कारण ती साधी आहेत, काय करतात ते उघड दिसतं, आणि चूक झाली तर दुरुस्त करता येते. पण अपडेटच्या एकूण व्यवस्थेला अडीचच्या वर गुण देववत नाहीत, कारण योग्य वेळी आठवण करून देणारं त्यात कुणी नाही. ती ताऱ्यांची चौकट येते ती रीबूट झाल्यावर, म्हणजे वरात निघून गेल्यावर.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाकायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. ‘वजा’ म्हणजे ऑप्शनच्या आधीची आडवी रेघ.)

शेजारी काय चालतं ते पाहिलं की फ्रीबीएसडीची उणीव जास्त टोचते. ओपनबीएसडीमध्ये ६.६ या आवृत्तीपासून सिसअपग्रेड आलं. अपग्रेड होतानाच इन्स्टॉलबूट चालतं आणि बूट ब्लॉक नवे होतात. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. लिनक्सवर सिस्टिमडी-बूट हा लोडर असेल तर ‘बूटसीटीएल अपडेट’ आवृत्ती तपासून फाइल बदलतं. ग्रब या लिनक्सवरच्या दुसऱ्या लोडरचा कारभार मात्र वाखाणण्यासारखा नाही. तिथे ‘अपडेट-ग्रब’ नुसती कॉन्फिगरेशन फाइल नव्याने लिहितं, डिस्कवरची मूळ प्रतिमा जुनीच राहते. ती बदलायला ‘ग्रब-इन्स्टॉल’ लागतं, आणि नावांतला हा गोंधळ आजही लोकांना फसवतो. जुलै २०२० मध्ये बूटहोल या ग्रबमधल्या त्रुटीची सुरक्षा दुरुस्ती आली तेव्हा ज्या मशीनवर मॉड्यूल नवे आणि प्रतिमा जुनी राहिली, ती ‘ग्रब_कॅलॉक हे चिन्ह सापडत नाही’ असं म्हणत अडून बसली. फ्रीबीएसडीचं दुखणं त्याच जातीचं: आतलं नवं, दारावरचं जुनं.

हे दुखणं यूईएफआयवर, म्हणजे फर्मवेअरच्या नव्या पद्धतीवर, जास्त का जाणवतं, हे समजून घेण्यासारखं आहे. जुन्या बायोस पद्धतीत फ्रीबीएसडी-बूट पार्टिशनवर जीपीटीबूट किंवा जीपीटीझेडएफएसबूट नावाचा छोटा तुकडा असतो. त्याचं काम एवढंच की रूट फाइलसिस्टीम वाचायची आणि तिथला /बूट/लोडर उचलायचा. तो लोडर सिस्टीमसोबत नवा होतोच. म्हणून यूएफएस या जुन्या फाइलसिस्टीमवर चालणाऱ्या बायोस मशीनमध्ये जीपीटीबूट वर्षानुवर्षं जुना राहिला तरी सहसा काही बिघडत नाही. यूईएफआयच्या सुरुवातीच्या काळात बूट१.ईएफआयही हेच करायचा: ईएफआय पार्टिशनवर छोटा निरोप्या, खरा लोडर रूटमध्ये. पुढे तो मोडीत काढून अख्खा लोडर.ईएफआय थेट ईएफआय पार्टिशनवर ठेवायची पद्धत आली. रचना सुटसुटीत झाली, मधला एक टप्पा गेला. पण लोडर सिस्टीमच्या बाहेर राहायला गेला, आणि त्याला नवं करण्याची सोय मात्र त्याच्यामागून गेली नाही. मेन्यू चालवणाऱ्या लुआ स्क्रिप्ट /बूट/लुआमध्ये म्हणजे रूटवरच राहिल्या, त्या प्रत्येक अपग्रेडला बदलतात. नव्या स्क्रिप्ट चालवायला जुना लोडर, अशी जोडी जमते आणि मग ती ताऱ्यांची चौकट.

आता कामाला लागू. पहिली कमांड ‘सिसकंट्रोल मशडेप.बूटमेथड’. उत्तर यूईएफआय किंवा बायोस येईल. पुढचं सगळं या एका शब्दावर अवलंबून आहे. दुसरी ‘जीपार्ट शो वजा पी’. इन्स्टॉलरने झेडएफएस या फाइलसिस्टीमवर बायोस आणि यूईएफआय दोन्ही पद्धतींची सोय ठेवून केलेल्या मांडणीत साधारण हे दिसतं: पी१ ईएफआय, २६० एमबी, पी२ फ्रीबीएसडी-बूट, ५१२ केबी, पी३ स्वॅप, २ जीबी, पी४ झेडएफएस. हे आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढे सगळ्यात मोठी चूक पी१ आणि पी२ यांच्या अदलाबदलीतूनच होते.

यूईएफआय असेल तर ईएफआय पार्टिशन कुठे माउंट आहे ते बघा. १३.० पासूनचा इन्स्टॉलर त्याला /बूट/ईएफआय इथे एफएसटॅब या माउंटच्या यादीतून माउंट करतो. जुनी मांडणी असेल तर हाताने: ‘माउंट वजा टी एमएसडॉसएफएस /डेव्ह/एडीए०पी१ /एमएनटी’. एकाहून जास्त डिस्क असतील आणि मशीन नेमकं कुठल्या पार्टिशनवरून उठलं हे कळत नसेल, तर ‘ईएफआयबूटएमजीआर वजा ई’ (ई मोठा) ते पार्टिशन दाखवतं. ‘ईएफआयबूटएमजीआर वजा व्ही’ फर्मवेअरच्या सगळ्या बूट नोंदी दाखवतं, त्यात अधिक चिन्ह असलेली ओळ म्हणजे या वेळी वापरलेली नोंद. त्या ओळीत फाइलचा पूर्ण मार्ग असतो. तो नीट वाचा.

नीट वाचा म्हणण्याचं कारण असं. एकाच ईएफआय पार्टिशनवर फ्रीबीएसडी लोडरच्या दोन प्रती असू शकतात: एक /ईएफआय/फ्रीबीएसडी/लोडर.ईएफआय आणि दुसरी /ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय. पहिली फर्मवेअरच्या स्मृतीतल्या नोंदीतून चालते. दुसरी ही ठरलेली राखीव जागा आहे; कुठलीच नोंद सापडली नाही की फर्मवेअर तिच्याकडे वळतं. एआरएम६४ मशीनवर या दुसऱ्या फाइलचं नाव बूटएए६४.ईएफआय. नेहमीचा फजितीचा क्रम असा: ॲडमिन पहिली फाइल नवी करतो, मशीन छान चालतं, दुसरी चार वर्षांपूर्वीची तशीच पडून राहते. मग कधीतरी मदरबोर्डची बटन बॅटरी संपते किंवा फर्मवेअर अपडेट होतं, नोंदी पुसल्या जातात, आणि मशीन त्या चार वर्षं जुन्या लोडरवरून उठायला जातं. तोपर्यंत झेडएफएसच्या पूलची (डिस्कच्या एकत्रित साठ्याची) सुधारणाही, म्हणजे ‘झेडपूल अपग्रेड’, झालेली असते. लोडरला पूल वाचता येत नाही. दोष बॅटरीला दिला जातो. म्हणून दोन्ही प्रती एकाच वेळी बदलायच्या, किंवा दुसरी नसेल तर तयार करायची. फक्त एक खात्री करून घ्या: त्याच डिस्कवर दुसरी सिस्टीम असेल तर बूटएक्स६४.ईएफआय तिची असू शकते, मग तिला हात नको.

जुनी-नवी ओळखायची कशी? लोडर सुरू होताना जो आवृत्तीचा आकडा छापतो त्यावर विसंबू नका, वेगवेगळ्या रिलीजमध्ये तोच आकडा दिसू शकतो. सरळ ‘सीएमपी /बूट/लोडर.ईएफआय /बूट/ईएफआय/ईएफआय/फ्रीबीएसडी/लोडर.ईएफआय’ चालवा. काहीच छापलं नाही तर फाइली एकसारख्या, काम नाही. फरक आहे असं म्हणाली तर पुढे.

नक्कल करण्याची वेळही महत्त्वाची. मोठ्या अपग्रेडमध्ये ‘फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल’ पहिल्या फेरीत कर्नल बसवतं, मग रीबूट, मग दुसऱ्या फेरीत बाकीची सिस्टीम. /बूट/लोडर.ईएफआय ही या बाकीच्या सिस्टीममध्ये मोडते. पहिल्या फेरीनंतर उत्साहाने नक्कल केली तर जुनीच फाइल जुन्या फाइलवर जाते, आणि काम झालं असं वाटत राहतं. दुसरी फेरी संपल्यावरच हात घाला.

नक्कल थेट जुन्या फाइलवर करू नये. फॅट फाइलसिस्टीमला जर्नल नाही. लिहिताना वीज गेली तर अर्धी फाइल उरते, आणि ती अर्धी फाइल फर्मवेअर चालवायला घेतं. क्रम असा ठेवा:

सीपी /बूट/लोडर.ईएफआय /बूट/ईएफआय/ईएफआय/फ्रीबीएसडी/लोडर-नवा.ईएफआय
सिंक
सीएमपी करून दोन्ही सारख्या आहेत हे बघणं
एमव्ही ने लोडर.ईएफआय चं नाव लोडर-जुना.ईएफआय
एमव्ही ने लोडर-नवा.ईएफआय चं नाव लोडर.ईएफआय

दोन नावबदल, दोन क्षण. जुनी प्रत शेजारीच राहते, यूईएफआय शेलमधून ती हाताने सुरू करता येते. लोडर.ईएफआय एक एमबीच्या आतबाहेरची फाइल, २६० एमबीत अशा कितीही मावतील.

सर्व्हर दूर कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये असेल आणि कन्सोल मिळायला तास जाणार असेल, तर याहून सावध वाट आहे, आणि या सगळ्या परीक्षणात ईएफआयबूटएमजीआरला खरी दाद द्यावी अशी हीच जागा. नवा लोडर वेगळ्या नावाने ठेवा आणि त्याची स्वतंत्र नोंद करा: ‘ईएफआयबूटएमजीआर वजा ए वजा सी वजा एल’ पुढे फाइलचा मार्ग, मग ‘वजा एल’ (हा एल मोठा) आणि पुढे नाव, समजा फ्रीबीएसडी-नवा. नवी नोंद तयार झाली की तिचा चार अंकी क्रमांक घेऊन ‘ईएफआयबूटएमजीआर वजा एन वजा बी’ आणि तो क्रमांक. याचा अर्थ: फक्त पुढच्या एका बूटला ही नोंद वापर. नवा लोडर अडकला तर तिथल्या माणसाला फोन करून फक्त वीज बंद-चालू करायला सांगायचं, त्यानंतरचं बूट पुन्हा नेहमीच्या क्रमाने जातं. एक खबरदारी: नवी नोंद क्रमवारीत सगळ्यात वर जाऊन बसलेली नाही ना, हे ‘वजा व्ही’ ने बघा. बसली असेल तर ‘वजा ओ’ ने क्रम पूर्ववत करा, नाहीतर एकदाच वापरण्याचा हेतूच संपला.

आता त्या पी१-पी२ च्या चुकीकडे. हिच्यामागे बराच काळ खुद्द सिस्टीमचाच हात होता. ‘झेडपूल अपग्रेड’ केल्यावर पूर्वी पडद्यावर सल्ला यायचा: या पूलवरून बूट करत असाल तर बूट कोड बदलायला विसरू नका, जीपीटी पद्धतीचा पार्टिशन तक्ता असेल आणि डीए० ही बूट डिस्क असेल तर ‘जीपार्ट बूटकोड वजा बी /बूट/पीएमबीआर वजा पी /बूट/जीपीटीझेडएफएसबूट वजा आय १ डीए०’ चालवा. हा सल्ला बायोसच्या काळचा, जेव्हा पहिलं पार्टिशन फ्रीबीएसडी-बूट असायचं. यूईएफआयच्या मांडणीत पहिलं पार्टिशन ईएफआय. लोकांनी ओळ जशीच्या तशी चिकटवली, फक्त डिस्कचं नाव बदललं, आणि जीपार्टने बायोसचा कोड ईएफआय पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरपासून लिहून टाकला. फॅट फाइलसिस्टीम गेली. जीपार्ट कुरकुर करत नाही, ‘बूटकोड लिहिला’ असं सांगून मोकळं होतं. आज झेडपूल नुसतं जीपीटीझेडएफएसबूट आणि लोडर.ईएफआय यांची मॅन्युअल पानं बघा असं म्हणतं. शहाणपण आलं, पण जुन्या ओळी लोकांच्या टिपणवह्यांत अजून जिवंत आहेत.

ही चूक झाली आणि मशीन अजून चालू असेल तर घाबरण्याचं कारण नाही. फक्त रीबूट करू नका. पार्टिशन माउंट असेल तर उतरवा, मग ‘न्यूएफएस_एमएसडॉस वजा एफ ३२ वजा सी १ /डेव्ह/एडीए०पी१’ (एफ मोठा), माउंट करा, ‘एमकेडिर वजा पी’ ने ईएफआय/बूट आणि ईएफआय/फ्रीबीएसडी या डिरेक्टरी बनवा, दोन्हींत लोडर ठेवा. दोन मिनिटांचं काम. ज्यांच्या ईएफआय पार्टिशनवर विंडोजही राहतं त्यांना मात्र हा उपाय नाही, तिथे फॉरमॅट म्हणजे विंडोजचा लोडरही गेला. रास्पबेरी पायवरही नाही. तिथे त्याच फॅट पार्टिशनवर बोर्डची स्वतःची फर्मवेअर फाइल आणि यू-बूट नावाचा लोडर असतो, त्याशिवाय पडदाही उजळत नाही.

बायोसवाल्यांसाठी तीच कमांड बरोबर आहे, फक्त ‘वजा आय’ पुढचा आकडा स्वतःच्या जीपार्ट शोमधून घ्यायचा. वरच्या मांडणीत तो २. यूएफएस असेल तर जीपीटीझेडएफएसबूट ऐवजी जीपीटीबूट. अडचण येते ती जुन्या डिस्कवर. एके काळी फ्रीबीएसडी-बूट पार्टिशन ६४ केबीचं करण्याची पद्धत होती. फ्रीबीएसडीत झेडएफएसची ओपनझेडएफएस ही शाखा आल्यापासून जीपीटीझेडएफएसबूट फुगत गेला, तो आता ६४ केबीत शिरत नाही, आणि जीपार्ट ‘पुरेशी जागा नाही’ म्हणून थांबतं. हे थांबणं चांगलंच आहे, अर्धवट लिहिण्यापेक्षा. नवं पार्टिशन ५१२ केबीचं करा, मात्र हौसेने १ एमबीचं करू नका. पीएमबीआर, म्हणजे डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला बूट कोड, हे पार्टिशन अख्खं स्मृतीत भरतो, म्हणून ते ५४५ केबीपेक्षा लहान असावं लागतं.

यूईएफआयमध्येही जागेचा असाच सापळा आहे, आणि तो जास्त कपटी. १०.एक्स आणि ११.एक्स च्या काळात इन्स्टॉलर बूट१.ईएफआयफॅट नावाची ८०० केबीची तयार फॅट प्रतिमा डीडी ने ईएफआय पार्टिशनवर उतरवायचा. काही मांडण्यांत पार्टिशनच ८०० केबीचं असायचं, तर काहींत पार्टिशन २०० एमबीचं पण त्यातली फाइलसिस्टीम ८०० केबीची. जीपार्ट शो २०० एमबी दाखवतं, माणूस निश्चिंत होतो, सीपी म्हणतं जागा संपली. म्हणून जुन्या मशीनवर माउंट केल्यावर ‘डीएफ वजा एच’ बघायचंच. २०० एमबीच्या पार्टिशनवर आठशेच्या आसपास केबी दिसले तर वर सांगितल्याप्रमाणे नव्याने फॉरमॅट करून प्रश्न मिटतो.

पार्टिशनच ८०० केबीचं असेल तर जागा स्वॅपकडून उसनी घ्यायची. समजा पी१ ईएफआय, पी२ स्वॅप, पी३ झेडएफएस. ‘स्वॅपऑफ वजा ए’, मग ‘जीपार्ट डिलीट वजा आय २ एडीए०’. आता रिकाम्या जागेत आधी ईएफआय: ‘जीपार्ट ॲड वजा टी ईएफआय वजा ए १एम वजा एस २६०एम वजा आय ४ एडीए०’. इथे वजा आय ४ सांगायला विसरलात तर जीपार्ट सगळ्यात लहान मोकळा क्रमांक देतं, म्हणजे २, आणि स्वॅप गेला पी४ वर. एफएसटॅबमधली ओळ मग चुकीच्या पार्टिशनकडे, ईएफआयकडे, बोट दाखवते. उरलेल्या जागेत ‘जीपार्ट ॲड वजा टी फ्रीबीएसडी-स्वॅप एडीए०’, तो आपसूक पी२ होतो. पार्टिशन डिस्कवर कुठल्या क्रमाने आहेत याचं यूईएफआयला काही नसतं. पी४ फॉरमॅट करा, लोडर ठेवा, नोंद करा, रीबूट करून बघा, आणि नव्यावरून उठतंय याची खात्री झाल्यावरच पी१ काढा. २६० एमबी हा आकडा कुठून आला, तर ४ केबी सेक्टरच्या डिस्कवर फॅट३२ ला तेवढी किमान जागा लागते.

लोडर्स-अपडेट या पॅकेजकडे मग कधी वळायचं? ‘पीकेजी इन्स्टॉल लोडर्स-अपडेट’ ने ते बसतं. दोन शब्द लक्षात ठेवायचे: शो-मी आणि शूट-मी. दुसऱ्या नावातली थट्टा अनुभवी माणसाने केलेली आहे, हे कळतंच. शो-मी चालवलं की ते ईएफआय आणि फ्रीबीएसडी-बूट पार्टिशन शोधतं, चालू सिस्टीम कुठल्या लोडरवरून उठली ते बघतं, आणि कुठल्या कमांड चालवायला हव्यात ते छापतं. शूट-मी त्या खरंच चालवतं. शो-मी ला पूर्ण गुण. दहा मशीन सांभाळणाऱ्याने अपग्रेडच्या यादीत शेवटची पायरी म्हणून ते घालावं. पी१-पी२ ची चूक त्याने बऱ्याच अंशी टळते. शूट-मी ची शिफारस करवत नाही. स्क्रिप्ट वाईट आहे म्हणून नव्हे. छापलेल्या कमांड दोन-चारच असतात, त्या डोळ्यांखालून घालून हाताने टाकायला अर्धं मिनिट लागतं, आणि विंडोजसोबतची मांडणी किंवा जुन्या फाइलची राखीव प्रत याबाबत तुमच्या मनात काय आहे ते कुठल्याच स्क्रिप्टला माहीत नसतं.

आरशात ठेवलेल्या डिस्क, म्हणजे झेडएफएस मिरर, हा आणखी एक विषय. मिरर फक्त झेडएफएस पार्टिशनचा असतो. ईएफआय किंवा फ्रीबीएसडी-बूट पार्टिशन प्रत्येक डिस्कवर वेगळं, आणि ते कुणी आपणहून सारखं ठेवत नाही. डिस्क बदलताना ‘जीपार्ट बॅकअप एडीए० | जीपार्ट रिस्टोअर वजा एफ एडीए१’ (एफ मोठा) ने पार्टिशनची रचना उतरते, पण आतला मजकूर नाही. ‘झेडपूल रिप्लेस’ होतं, पूल ऑनलाइन दिसतो, सगळे खुश. नव्या डिस्कवर लोडरच नाही. दोन वर्षांनी जुनी डिस्क गेली की पूल शाबूत, डेटा शाबूत, आणि मशीन उठत नाही. लोडर बदलताना प्रत्येक डिस्कवर बदला आणि प्रत्येकीची स्वतंत्र नोंद करा.

पूलची सुधारणा सगळ्यात शेवटी, तीही घाईने नको. नियम सोपा आहे: लोडर सिस्टीमपेक्षा नवा चालतो, पूलपेक्षा जुना चालत नाही. नेमकं सांगायचं तर, पूलमधलं एखादं वैशिष्ट्य (फीचर) नुसतं ‘एनेबल्ड’ असेल तोवर जुन्या लोडरचं अडत नाही. ते ‘ॲक्टिव्ह’ झालं, आणि वाचण्यासाठी आवश्यक अशा यादीतलं असेल, तर लोडर ‘असमर्थित वैशिष्ट्य’ म्हणून पूल नाकारतो. म्हणून काही मशीन झेडपूल अपग्रेडनंतर महिनाभर नीट चालतात आणि मग कुणीतरी एखाद्या डेटासेटवर नवं कॉम्प्रेशन किंवा चेकसम लावलं की पुढच्या रीबूटला आडवी पडतात. महिन्यापूर्वीचं कारण तोवर कुणाच्या डोक्यातही नसतं. झेडपूल अपग्रेड परत फिरवता येत नाही. बूट एन्व्हायरन्मेंट, म्हणजे सिस्टीमची जपून ठेवलेली जुनी प्रत, हीही इथे कामाला येत नाही, बीईसीटीएल ने जुन्या सिस्टीमकडे वळता येतं पण पूल नवाच राहतो, आणि ईएफआय पार्टिशन तर त्या सगळ्याच्या बाहेर. आधी ‘झेडपूल चेकपॉइंट’ घेतला असेल तरच मागे जाता येतं, तेही पूल बाहेरून आयात करून. ओपनझेडएफएस २.१ पासून ‘कम्पॅटिबिलिटी’ हा गुणधर्म मिळतो. बूट पूलवर तो जुन्या यादीला बांधून ठेवला तर झेडपूल अपग्रेड त्या यादीपलीकडे जातच नाही. बूट पूल वेगळा आणि डेटा पूल वेगळा असेल तर बूट पूलला नवी वैशिष्ट्यं देण्याचं फारसं कारणही नसतं.

आणि मशीन उठलंच नाही तर? इन्स्टॉलरची यूएसबी लावा, आवृत्ती तुमच्याइतकी किंवा त्याहून नवी. लाइव्ह सिस्टीममध्ये जा. इथे बहुतेक जण पूल आयात करणं, /एमएनटीवर रूट माउंट करणं, त्यातून लोडर शोधणं या खटाटोपात पडतात. गरज नाही. यूएसबीवरच्या /बूटमध्ये लोडर.ईएफआय, पीएमबीआर आणि जीपीटीझेडएफएसबूट असतात. डिस्कचं ईएफआय पार्टिशन /एमएनटीवर माउंट करा, यूएसबीचा लोडर तिथे ठेवा, उतरवा, यूएसबी काढा, रीबूट करा. पूलला हात लावायचा नाही.

मशीन उठलं, चौकट गेली, की आवराआवर उरते. ‘ईएफआयबूटएमजीआर वजा व्ही’ मध्ये प्रयोगाच्या, काढून टाकलेल्या डिस्कच्या, मोडीत निघालेल्या बूट१च्या नोंदी साचलेल्या असतात. प्रत्येक निरुपयोगी नोंदीसाठी ‘ईएफआयबूटएमजीआर वजा बी’ (बी मोठा) ‘वजा बी’ (बी छोटा) आणि तिचा क्रमांक. मोठ्या बी ने नोंद पुसली जाते, फाइल नाही. लोडर-जुना.ईएफआय मात्र पुढच्या अपग्रेडपर्यंत असू द्या.